कुट्टी मशीन काटा काढत नाही, लपवतं



दिवाळी झाली की गवत-कडब्याची खरेदी सुरू होते. त्यानंतरच्या महिनाभरात आमच्या पशुखाद्याच्या दुकानात एक मागणी हमखास येते. “गाय वैरण टाकून देते, भूक लागायचं काहीतरी द्या.” पाचक पावडर आहे, मिनरल मिक्श्चर आहे, काढून दिलं की माझा गल्ला भरतो. पण मी आधी विचारतो, वैरण नवीन आणली का? कुट्टी करून घालता का? मग सांगतो, गव्हाणीतली मूठभर वैरण पिशवीत घालून आणा. कागदावर पसरली की बऱ्याच वेळा उत्तर तिथंच दिसतं. कुसळाचा गुंता, गोखरूचं अर्धं तुटलेलं बोंड, पिवळ्या धोत्र्याचं वाळून कडक झालेलं पान. यावर पावडर काय करणार?

तण हा शेतीचा विषय, बिझनेसच्या चॅनलवर कशाला, असं कुणाला वाटेल. पण दुधाच्या धंद्यात सगळ्यात मोठा खर्च चारा आणि खाद्याचाच असतो, आणि चाऱ्यातला काटा हा असा खर्च आहे की जो कुठल्याच वहीत लिहिलेला सापडत नाही. आपण भाव विचारतो, पेंढ्या मोजतो, गाडीभाड्यावर घासाघीस करतो. काटा कुणी मोजत नाही.

आधी गणित करून टाकू. समजा गवत ८ रुपये किलोनं मिळालं. १०० किलोचे ८०० रुपये दिले. त्यात १० किलो काटेरी तण निघालं, आणि त्या तणाला बिलगलेलं म्हणून जनावरानं आणखी १० किलो गवत सोडलं. ते गेलं चघळीत. पोटात गेलं ८० किलो. म्हणजे खाल्लेल्या गवताचा खरा भाव झाला १० रुपये. शेजारचा दुसरा विक्रेता ९ रुपये सांगत होता, तो तुम्हाला महाग वाटला. त्याच्या मालात १०० किलोमागे ४ किलोच वाया गेलं असतं, तर त्याचा खरा भाव ९ रुपये ३८ पैसे पडला असता. आता दुसरी बाजू बघा. काट्यानं एका गायीचं तोंड आलं आणि ती दहा दिवस रोज ४ लिटर कमी देऊ लागली, तर ४० लिटर दूध गेलं. ३० रुपयांनी धरलं तरी १२०० रुपये. डॉक्टरची फी आणि औषध वेगळं. आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला, पण हिशेब नेहमी खाल्लेल्या किलोवर करा, विकत घेतलेल्या किलोवर नाही.

आता कुट्टी मशीनकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथं आहे. “मशीनमधून काढलं की काटे बारीक होतात, मग काय लागत नाही.” हे मी इतक्या वेळा ऐकलंय!

कुट्टीच्या मी विरोधात नाही. अख्खा कडबा टाकला तर जनावर पाला खातं आणि ताटं सोडतं, कुट्टीनं ती नासाडी कमी होते. पण काट्याच्या बाबतीत हाच फायदा उलटा फिरतो. अख्ख्या पेंढीत शंकेश्वराचं झुडूप लांबून दिसतं, टाकणारा ते ओढून बाजूला फेकतो. त्याच्याकडून राहिलं तर जनावर थोडंफार सोडतं. मशीनमधून गेलं की तेच झुडूप पूर्ण ढिगात पसरतं आणि प्रत्येक घासात त्याचा तुकडा येतो. शेळीचं वेगळं आहे. ती ओठांनी एकेक पान निवडते, बाभळीच्या काट्यातून पाला खुडते. गाय जिभेनं घास वेढून ओढते, जुजबी चावते आणि गिळते, नीट चावायचं काम नंतर रवंथाच्या वेळी. तिला कुट्टीतून काटा निवडायला जमत नाही. आपण तिची निवडायची सोय काढून घेतली, तर निवडायचं काम आपल्याकडे आलं, आणि ते मशीनच्या आधी करायला लागतं, नंतर नाही.

माझ्या ट्रेनिंगला येणाऱ्या एका जोडप्याचा सात संकरित गायींचा गोठा आहे. घरची वैरण संपली म्हणून त्यांनी बाहेरून पोत्यात भरलेली तयार कुट्टी घेतली. स्वस्त पडली. आठवड्यात एक गाय लाळ गाळायला लागली, खाणं सुटलं. शेजाऱ्यांनी सांगून टाकलं, लाळ-खुरकूत आली. झालं! आजूबाजूचे लोक त्यांच्या गोठ्याकडे फिरकेनात, ताईंनी दोन दिवस नीट झोप घेतली नाही, कारण गोठ्यावर कर्ज आहे. डॉक्टर आले, तोंड उघडून पाहिलं तर जिभेखाली आणि हिरडीत कुसळं रुतून बसलेली. ती काढली, तोंड धुतलं, औषध दिलं. गाय पूर्ववत खायला लागायला आठवडा उलटून गेला. कुट्टीत किलोमागे वाचवलेला रुपया कुठल्या कुठं गेला.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लाळ-खुरकूत एका जनावराकडून दुसऱ्याकडे झपाट्यानं पसरते, ताप येतो, तोंडाबरोबर खुरांच्या बेचक्यातही जखमा होतात. काट्यानं तोंड आलं असेल तर पाय सहसा चांगले असतात. पण हा निकाल तुम्ही-मी लावायचा नाही. डॉक्टर येईपर्यंत जनावर वेगळं बांधा. आणि लाळ गळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात अजिबात घालू नका, पिसाळलेलं जनावरही लाळ गाळतं.

काट्याच्या जखमेतून पुढं जंतू आत शिरतात हे आणखी वाईट. जिभेत गाठ होऊन ती लाकडासारखी कडक होते, त्याला लाकडी जीभच म्हणतात. जबड्याच्या हाडावर गाठ येते तो आजारही तोंडातल्या जखमेतूनच सुरू होतो. गाय जीभ बाहेर काढून घास ओढू शकत नसेल, तर भूक वाढवायची पावडर विकणारा दुकानदार तुमचा वेळ घालवतोय. मी स्वतः दुकानदार आहे, तरी सांगतो.

आता कोणता काटा कुठून येतो ते बघू. सगळ्या तणांची यादी देत बसत नाही, गोठ्यात जास्त त्रास देणारी तीन-चारच आहेत.

पहिली कुसळी. खरं तर हे तण नाही, गवतच आहे, आणि वेळेवर कापलं तर चांगलं गवत आहे. मावळापासून साताऱ्यापर्यंत डोंगरउतारावर आणि माळावर कुठंही बघा. फुलोऱ्याच्या आधी जनावर आवडीनं खातं. पण दाणा भरला की त्याला टोकदार, मागं केस असलेलं कुसळ येतं. हे कुसळ ओलं झालं की पीळ सोडतं आणि सुकलं की पुन्हा पीळ घेतं. या फिरण्यानं ते स्वतःच जमिनीत शिरतं, म्हणजे बी आपलं आपणच पेरलं जातं. मेंढीच्या लोकरीत अडकलं की असंच कातडीत घुसतं. म्हणून वैरणीवर पाणी शिंपडलं की कुसळ निरुपद्रवी होतं या भरवशावर राहू नका.

मग सगळेजण फुलोऱ्यातच का कापत नाहीत? इथं खरा बिझनेसचा मुद्दा आहे. फुलोरा येतो तेव्हा पाऊस पूर्ण गेलेला नसतो, कापलेलं गवत वाळवायची पंचाईत. त्याच वेळी सोयाबीन काढणीला येतं, मजूर तिकडं. आणि सगळ्यात मोठं कारण, गवत विकलं जातं पेंढीवर, शेकड्यावर. फुलोऱ्यातली पेंढी आणि कुसळ झालेली पेंढी, मोजताना दोन्ही एकच. विकणाऱ्यानं लवकर कापायची, तण वेचायची तसदी घेतली तर त्याला जादा पैसा कोण देतं? कुणीच नाही. मग तो का घेईल? गिऱ्हाईकच जर पेंढीच्या संख्येला पैसे देत असेल, तर त्याला संख्याच मिळणार.

म्हणून गवत विकणाऱ्यांना मी सांगतो, तुमच्यासाठी इथं संधी आहे. निम्मा माळ तरी फुलोऱ्यात कापा. उघडीप बघून कापा, पातळ पसरा, उलटवा, वाळलं की लगेच बांधा. त्या पेंढ्या वेगळ्या रचा आणि वेगळा भाव सांगा. गिऱ्हाइकाला दोन्ही पेंढ्या हातात द्या आणि शेंड्यावरून तळवा फिरवायला सांगा. याच्यापेक्षा चांगली जाहिरात मला माहीत नाही. उरलेला माळ कुसळ झडून गेल्यावर कापा. त्यात कस कमी असतो, पण तोंडाला धोकाही कमी. मधल्या काळात, कुसळ पक्कं झालेलं पण झडलेलं नाही तेव्हा कापणं, हा सगळ्यात वाईट सौदा, आणि बहुतेक कापणी नेमकी तेव्हाच होते.

आणखी एक. “वणवा लावला की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं” म्हणणारे गावोगाव आहेत. येतं, पण कोणतं? कुसळीचं बी जमिनीत शिरून बसलेलं असतं, जाळापासून वाचतं. वारंवार जळणाऱ्या माळावर कुसळीच टिकते आणि पसरते. जास्त चरलेल्या माळाचंही तेच होतं. पवन्या, मारवेल ही मऊ गवतं जनावरं आधी संपवतात आणि मागं कुसळी उरते. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ जमिनींचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं, त्यात आपल्या दख्खनचा पट्टा पवन्या-मारवेलचा म्हणूनच धरलाय. म्हणजे आज जिथं नुसतं कुसळ दिसतं तिथं मूळची गवतं वेगळी होती. ती परत आणता येतात. मारवेलची ठोंबं पावसाच्या सुरुवातीला लावता येतात, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं फुले मारवेल ०६-४० सारखे वाण दिलेत. पहिल्या वर्षी तिथं चराई बंद ठेवायची तयारी मात्र पाहिजे.

दुसरं शंकेश्वर, म्हणजे मोठं गोखरू. ओढ्याकाठी, गायरानात, नांगरून टाकलेल्या पडीत. बोंडाला आकड्यासारखे काटे, जनावराच्या शेपटीला आणि मेंढीच्या लोकरीला चिकटून गावभर फिरतं, वर पाण्यावरही तरंगत जातं. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला जाते, तिच्यातून ही बोंडं वेचत बसणं म्हणजे काय ते धनगर बायकांना विचारा. एका बोंडात दोन बिया असतात. एक यंदा उगवते, दुसरी मागं राहून पुढं कधीतरी उगवते. त्यामुळे एका वर्षी उपटून “संपलं” म्हणता येत नाही, निदान दोन-तीन पावसाळे मागं लागावं लागतं. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दोन पानांवर असलेलं याचं कोवळं रोप विषारी असतं, बोंडातलं बीसुद्धा. पहिल्या पावसानंतर ओढ्याकाठी बाकी काही हिरवं नसतं आणि हीच रोपं दाट उगवलेली असतात. वासरं तिकडं सोडू नका.

जुलैमध्ये जमीन मऊ असते, शंकेश्वर मुळासकट उपटून येतं. बोंडं धरल्यावर उपटाल तर काम तेवढंच, पण उपटलेलं नेऊन टाकायचं कुठं हा नवा प्रश्न. बांधावर टाकलं तर पुढच्या वर्षी बांधच शंकेश्वराचा. बोंडं धरली असतील तर पोत्यात भरून, एका जागी वाळवून जाळा. माळ नाही जाळायचा, तेवढा ढीग जाळायचा!

गोखरू नावाचा घोळ इथंच मिटवू. जमिनीला चिकटून पसरतो, पिवळं फूल येतं आणि सायकलच्या टायरमध्ये घुसतो तो सराटा, त्यालाही काही जण गोखरूच म्हणतात. तो मेंढ्यांना जास्त बाधतो. खूप खाल्ला तर उन्हात मेंढीचं तोंड-कान सुजतात.

पिवळा धोत्रा हा रब्बीचा पाहुणा. गहू-हरभऱ्यात वाढतो आणि मळणीतून भुसात येतो. पान वाळलं तरी काटा ताठ. बी मोहरीसारखं दिसतं आणि ते विषारी आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याचं तेल मिसळून माणसं दगावली होती. भुसा विकत घेताना त्यात काळे बारीक गोल दाणे दिसले तर दोनदा विचार करा.

काटेमाठ गोठ्याच्या मागंच, शेणाच्या उकिरड्याजवळ माजतो. अशा खताळ जागेतल्या काटेमाठात नायट्रेट साठतं. उपाशी जनावरानं भरपूर खाल्लं तर धाप लागून काही तासांत मरू शकतं. असं काही दिसलं तर फोन थेट डॉक्टरांना करा.

आणि एक काटा असा आहे की जो तणाचा नाहीच, आपणच आणून ठेवतो. गंजीला मोकाट जनावरं तोंड लावतात म्हणून आपण भोवती बाभळीच्या, बोरीच्या काट्या लावतो. उन्हानं त्या वाळतात, काटे झडतात, आणि फेब्रुवारीत गंजी तळापर्यंत आली की हेच काटे वैरणीत. काट्या गंजीपासून दोन हात लांब लावा, किंवा सरळ जाळी मारा. गाठी तारेनं बांधलेल्या असतील तर तार कापल्या कापल्या मोजून डब्यात टाका. मशीनमध्ये गेलेल्या तारेचा तुकडा पोटात जाऊन जाळीला आणि तिथून काळजापर्यंत टोचतो, तो काट्यापेक्षा भयंकर.

तणनाशकाबद्दल थोडंच बोलतो. गवताच्या कुरणात रुंद पानांच्या तणांवर २,४-डी चालतं, गवत वाचतं. पण शेजारी द्राक्षं, टोमॅटो किंवा कापूस असेल तर वाऱ्याबरोबर गेलेल्या फवाऱ्यानं त्यांचं नुकसान होतं आणि भांडण कोर्टापर्यंत जातं. शिवाय फवारल्यावर कोमेजलेलं विषारी तण जनावराला उलट जास्त गोड लागू शकतं. लेबलवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत त्या कुरणात चराई नाही आणि कापणीही नाही. दोन-चार एकराच्या माळाला मला खुरपं आणि कुदळच परवडताना दिसते.

शेणखत मात्र विसरू नका. काटेमाठासारख्या तणांचं बी जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं. वेड्या बाभळीचंही तसंच, शेंगा गोड म्हणून जनावरं खातात आणि शेणातून बी पेरत जातात. कच्छच्या बन्नीत १९६० च्या दशकात मीठ पसरू नये म्हणून ही बाभूळ लावली, आणि आज तिथल्या गवताळ रानाचा मोठा भाग तिनं गिळलाय. आपल्या उकिरड्याचं प्रमाण लहान, पण प्रकार तोच. खत नीट तापू द्या, ढीग करा, ओल ठेवा, एक-दोनदा वरखाली करा. कच्चं शेण कुरणात टाकणं म्हणजे पुढच्या वर्षाचं तण स्वतः पेरणं. मुरघासात बरंच बी मरतं, हा त्याचा एक फायदा कुणी सांगत नाही.

खरेदीला गेल्यावर काय करायचं? वरच्या थरातली पेंढी दाखवतील, ती घेऊ नका. गंजीच्या मधून आणि तळातून मिळून दहा पेंढ्या काढा. सोडा, ताडपत्रीवर झटका, काटेरी जे निघेल ते वेगळं करून दोन्हीचं वजन करा. वजनकाटा सोबत न्या, लाजू नका. १० किलोत अर्ध्या किलोच्या वर काटेरी माल निघाला तर भाव पाडा किंवा गाडी रिकामी परत न्या. तयार कुट्टी असेल तर पोत्याच्या तळाची टोपलीभर घ्या आणि सुपात पाखडा. बोंडं जड असतात, घरंगळून एका कडेला जमतात. पाखडू देत नसेल त्याच्याकडून कुट्टी घेऊच नका. पावतीवर एक ओळ लिहून घ्या, “दहा पेंढ्यांत काटेरी तण जास्त निघाल्यास माल परत किंवा भावात फरक.” अर्धे पैसे चार दिवस घालून बघितल्यावर द्या. पहिल्या वर्षी विक्रेता कुरकुर करतो. दुसऱ्या वर्षी तोच तुमच्यासाठी वेगळी गंजी ठेवतो, असं माझ्या दोन-तीन गिऱ्हाइकांचं झालंय.

आणि काटेरी माल घरी येऊन पडलाच असेल तर? कुट्टी मशीन बंद ठेवा. पेंढी दगडावर चार वेळा आपटा, कुसळाचा शेंडा वीतभर छाटा, झुडपं हातमोजे घालून वेचा, मग लांब वैरण टाका. चघळ रोज उचला, ती पुन्हा कुट्टीत मिसळू नका, कारण गायीनं जे निवडून सोडलं तेच त्यात असतं. दुभत्या गायींना चांगला भाग, आणि ज्याची खात्री वाटत नाही तो भाग शेडच्या शाकारणीला. छाटलेले शेंडे आणि वेचलेली बोंडं मात्र उकिरड्यात टाकू नका, एका खड्ड्यात जमवा आणि वारा पडला की संध्याकाळी पेटवा. शेजारी पाण्याची बादली भरून ठेवा, गंजी जवळ असते.